पक्ष्यांसाठी लावलेलं ठिगळ

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फळीवर टाकशील, याची मला नव्वद टक्के खात्री आहे. उरलेल्या दहा टक्क्यांच्या भरवशावर लिहिते आहे. गेल्या आठ वर्षांत मी तुला चार पत्रं लिहिली. पहिलं रागाचं, दुसरं उपदेशाचं, तिसरं आईच्या आजारपणाचं आणि चौथं दोन ओळींचं, आई गेल्याचं. त्या चौथ्या पत्रावर तू आलास. फाटकापाशी उभा राहिलास, आत आला नाहीस, आणि आईला नेताना मी वळून पाहिलं तर तू नव्हतास. हे पाचवं पत्र. यात राग नाही, उपदेश तर नाहीच नाही. उपदेश करण्याची माझी लायकी किती होती, ते वाचशील तसं कळेलच. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण पूर्ण वाचून फाड. अर्धवट कळण्यापायी आपल्या घराचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलंय.

आधी इकडचं सांगते. माझा उजवा गुडघा हल्ली जिना चढताना माझ्याआधी बोलतो. स्वयंपाकघरातला नळ तू बसवलेलाच आहे. गळतो, पण बदलवत नाही, खाली वाटी ठेवते. आईचं शिवणयंत्र खिडकीशी होतं तिथेच आहे. त्याच्यावर एक फळी टाकून मी टेबल केलंय आणि तिथेच बसून हे लिहिते आहे, कारण दुपारी उजेड तिथेच चांगला पडतो. आज कामाचा दिवस असून मी घरी आहे. तीस वर्षांच्या नोकरीत असं सहा-सात वेळाच झालं असेल. त्यातली एक सुट्टी तुझ्या गोवराची आणि एक आईची. आजची कशाची ते पुढे सांगते.

खालचे घड्याळवाले काका अजून दुकान उघडतात. हात थरथरतो, त्यामुळे आता नुसते पट्टे आणि सेल बदलून देतात. मला जिन्यात गाठून दर महिन्याला विचारतात, आमची दुर्बीण कुठे असते हो सध्या? त्यांना काही टोचून बोलायचं नसतं. लहानपणी गच्चीवरून रस्त्याच्या टोकाला दिसणारा ठिपका बघून तू सांगायचास, मामा आलेत, किंवा बाबा आलेत आणि पाय ओढतायत, म्हणजे दमलेत. आम्हाला नुसता ठिपका दिसायचा. आई तुझ्या शब्दावर चहाचं आधण ठेवायची आणि एकदाही ते वाया गेलं नाही. तेव्हा काकांनीच तुझं नाव दुर्बीण ठेवलं होतं. मी त्यांना सांगते, बर्फाच्या कारखान्यात आहे, यंत्रं सांभाळतो, मजेत आहे. यातलं पहिलं खरं आहे एवढंच मला माहीत आहे. शेजारच्या बाकीच्यांनी विचारणं कधीच सोडलं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. आपले वासे तर फिरायच्या आधीच माना वळवून बसले होते.

मला त्या दुपारबद्दल लिहायचं आहे. तू म्हणशील, तीच ती दुपार किती वेळा उकरणार. ही शेवटची वेळ. माझ्याकडून तरी.

त्या जहाजावर आमचं रडार बसून दीड वर्ष झालं होतं. आमचं म्हणजे माझंच म्हण, सहा वर्षं मी दुसरं काही केलंच नव्हतं. शेकडो मैलांवरून येणारं विमान किंवा क्षेपणास्त्र आधीच ओळखायचं आणि जहाजाला ते पाडायला वेळ मिळवून द्यायचा, यासाठी ते होतं. तुझी नेमणूक त्याच जहाजावर, त्याच रडारच्या पडद्यासमोर झाली तेव्हा आईला आकाश ठेंगणं झालं. जो भेटेल त्याला सांगायची, मुलगी बनवते आणि मुलगा बघतो. मी तिला गप्प करायचे, असल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नसतात म्हणून. मनातून मलाही गुदगुल्या व्हायच्याच.

मग ती कवायत आली. वैमानिक नसलेलं छोटं विमान जहाजाकडे सोडायचं, रडारने ते पकडायचं, आणि ठरलेल्या अंतरावर ते माघारी वळायचं. त्या दिवशी ते वळलं नाही. किनाऱ्यावरून त्याला चालवणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध तुटला आणि ते जहाजावर सरळ येत राहिलं. रडारने खूण दाखवली असती तर तोफेने ते पाडलं असतं. निदान भोंगा झाला असता आणि डेकवरचे लोक आत पळाले असते. खूण दिसली नाही, भोंगा झाला नाही. जहाजाचा स्वयंपाकी जेवणाची भांडी आटोपून मागच्या बाजूला वाऱ्याला उभा होता. तो गेला. तुझा मित्र. तुझ्या पत्रांतून आम्ही त्याला इतके ओळखत होतो की आई त्याच्यासाठीही स्वेटर विणायला घेऊन बसली होती.

चौकशीत तू पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच सांगितलंस, पडद्यावर काही नव्हतं. नऊ वेळा विचारलं, नऊ वेळा हेच उत्तर. अहवालात त्यालाही हेकटपणा म्हटलं आहे. तू आणखी काही सांगावंस, काहीतरी कबूल करावंस, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

आता ती टिप्पणी. चौकशी मंडळाने आमच्या कार्यालयाकडे लेखी विचारलं, यंत्रात दोष होता का? तू माझा भाऊ, त्यामुळे मी सही करायची नाही असं ठरलं, सही साहेबांची. पण ते यंत्र आतून ओळखणारं दुसरं कोण होतं? मजकूर माझा. हे तुला कुणी सांगितलं नसेल. जहाजावरच्या नोंदी मागवल्या. रडारला जे जे ऐकू येतं त्या सगळ्याची कच्ची नोंद राहते. लाटा, ढग, पाऊस, सगळं त्यात असतं. यंत्र ते चाळतं आणि कामाचं असेल तेवढ्यावरच पडद्यावर खूण टाकतं. मी कच्ची नोंद तपासली. ते विमान तिच्यात स्वच्छ होतं, धडकेच्या आधी चौऱ्याण्णव सेकंद. मी लिहिलं: रडारने लक्ष्य चौऱ्याण्णव सेकंद पाहिलं होतं, यंत्रात दोष नाही. धाकट्या, यातलं पहिलं अर्धं अक्षरशः खरं होतं. पडद्यावर खूण उमटली होती का, हे मी तपासलंच नाही. तेव्हा पडद्याची नोंद ठेवत नसत, आता ठेवतात. पण तपासायची वाटच नव्हती असं नाही. चाळणी माझी होती, म्हणून ती तपासावी असं मला सुचलंच नाही. यंत्राने पाहिलं, माणसाने पाहिलं नाही, एवढंच त्या कागदातून निघालं आणि खापर तुझ्या डोक्यावर फुटलं.

आणि मग मी घरी येऊन तुला विचारलं. तू जेवत होतास. आई वाढत होती. मी विचारलं, आता आपल्यातच आहोत, खरं सांग, डोळा लागला होता का? तू माझ्याकडे पाहिलंस. ताट बाजूला सारलंस, हात धुतलेस आणि आतल्या खोलीत गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिशवी घेऊन निघालास. आई माझ्यावर ओरडली का नाही, हे मला आजही कळलेलं नाही. तिने तुझं ताट उचललं आणि त्यातला भात झाकून ठेवला, संध्याकाळी येशील म्हणून.

आता मी तुला पक्ष्यांची गोष्ट सांगणार आहे. चौकशीच्या दोन वर्षं आधीची. एकदा तुला जेवताना हसत हसत थोडी सांगितलीही होती, तुला आठवणार नाही.

जहाजावर चढवण्याआधी रडार किनाऱ्यावर तपासतात. त्यासाठी एक इमारत बांधलेली असते. तीन मजली, काँक्रीटची, आणि वर जहाजासारखी डोलकाठी. तिला आम्ही लंगडं जहाज म्हणायचो. वारा खूप, कँटीन वाईट, वीज दिवसातून दोनदा जाणार म्हणजे जाणार. समोर सहा मैलांवर एक खडक होता आणि त्याच्यावर हजारो समुद्रपक्षी. सकाळी ते थवेच्या थवे उठायचे आणि आमचं हुशार रडार त्यांना शत्रूचं छोटं, सावकाश, खालून येणारं विमान समजून खुणांवर खुणा टाकायचं. सात दिवस एकही खोटी खूण पडली नाही तरच रडार पास. आम्ही पाचव्या दिवशी नापास, तिसऱ्या दिवशी नापास, एकदा तर पहिल्याच सकाळी. साहेबांच्या केसांना तेव्हाही कलप होता आणि टेन्शनने तो घामाबरोबर कपाळावर उतरायचा. एका दुपारी ते मला म्हणाले, चिमण्याकावळ्यांनी प्रकल्प बुडवला असं मी वर कळवू का? काहीतरी कर, तात्पुरतं कर, पण कर.

मी केलं. खडकाच्या दिशेचा एक तुकडा आखला, अठरा अंश रुंद, आठ मैल लांब, आणि यंत्राला सांगितलं की एवढ्या तुकड्यात छोटं, सावकाश, खालून काही आलं तर दुर्लक्ष कर. कच्च्या नोंदीत राहू दे, पडद्यावर खूण टाकू नको. आम्ही त्याला पक्ष्यांचं ठिगळ म्हणायचो. सात दिवस पार पडले, रडार पास झालं, साहेबांनी सगळ्यांना पेढे नाही पण निदान चांगला चहा पाजला.

यात दोन गोष्टी मी आळसाने केल्या. आळस हाच शब्द आहे, दुसरा शोधू नकोस, माझा शोधून झालाय. असल्या तात्पुरत्या सूचनांसाठी यंत्रात वेगळा कप्पा असतो. वीज गेली की तो पुसला जातो, मुद्दामच तशी सोय केलेली असते. पण तिथे वीज दिवसातून दोनदा जायची आणि दर वेळी मला तिन्ही जिने चढून ते आकडे परत भरावे लागायचे. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी ते कायमच्या कप्प्यात टाकले. जाताना काढू म्हटलं. आणि दुसरी गोष्ट, दिशा. दिशा उत्तरेपासून मोजता येते किंवा जहाजाच्या तोंडापासून. उत्तरेपासून मोजायला एक जास्तीचा तक्ता भरावा लागतो. आमच्या लंगड्या जहाजाचं तोंड कायम उत्तरेलाच होतं, इमारत काही वळत नाही. मग काय फरक पडतो? मी तोंडापासून मोजली. काम संपल्यावर काढून टाकायच्या गोष्टींची यादी निघाली ती तात्पुरत्या कप्प्यावरून. तो कप्पा रिकामा होता. यादीवर सही माझी. आणि कायमच्या कप्प्यातलं सगळं जसंच्या तसं पुढे चार जहाजांवरच्या रडारांत गेलं.

एवढं वाचून तुला कळलं असेल. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला हे माझ्यापेक्षा लवकर कळतं. मला कळायला मात्र एक अख्खी इमारत हलावी लागली.

लंगडं जहाज जुनं झालं म्हणून दुसऱ्या किनाऱ्यावर नवं बांधलं. तिथे खडक नाही, पक्षी नाहीत, वीजही जात नाही. जागा अरुंद म्हणून या इमारतीचं तोंड पूर्वेला केलं. यंत्र जुनंच आणलं. पहिल्या चाचणीला छोटं विमान वायव्येकडून खालून सोडलं आणि सकाळी साडेदहा वाजता भर उजेडात ते पडद्यावरून नाहीसं झालं. बाहेर गॅलरीत जाऊन पाहिलं तर डोळ्यांना दिसत होतं. थोडं पुढे सरकून त्या तुकड्याच्या बाहेर आलं, खूण परत हजर. पोरं वायरी तपासायला लागली. कुणी म्हणालं कनेक्शन ढिलं असेल. मी खुर्चीवर बसल्या बसल्या नकाशावर इमारतीची दिशा पाहिली. इमारतीचं तोंड फिरलं होतं आणि माझं ठिगळ तिच्याबरोबर फिरलं होतं. मग जे जहाज दिवसभर वळत असतं त्याच्यावर? त्याच्यावर ते जहाजाबरोबर वळतच राहणार. जहाज कुठेही जावो, मागच्या डाव्या बाजूला अठरा अंशांची जागा कायमची आंधळी. मोठं विमान दिसणार, वेगवान क्षेपणास्त्र दिसणार, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. छोटं, सावकाश, खालून येणारं काही त्या बाजूने सहसा येतच नाही. एकदाच आलं होतं.

घरी आले आणि तुझ्या जहाजाच्या त्या दुपारच्या नोंदी काढल्या. टिप्पणीसाठी मागवलेल्या प्रती माझ्या कपाटातच पडून होत्या. आईच्या याच शिवणयंत्रावर मोठा कागद पसरला आणि कंपासपेटीतला कोनमापक घेऊन जहाजाचं तोंड, विमानाची दिशा, दोन्ही रेघा मारल्या. ते विमान सरळ येत होतं, जहाज सरळ जात होतं, म्हणून पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ते माझ्या ठिगळाच्या आत होतं. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव सेकंद. मी तीन वेळा मोजलं. तू लहान असताना तुझी गणितं तपासायचे तशी, चूक सापडावी म्हणून. आतून आई पाणी मागत होती आणि मला ऐकू येत असून उठायला वेळ लागला.

हो. आई. तू हे वाक्य वाचून थांबला असशील. हे सगळं अडीच वर्षांपूर्वीचं आहे.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं. माणूस वाईट नाही, निवृत्तीला वर्ष उरलेला माणूस जेवढा भित्रा असतो तेवढा भित्रा. म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. चारही जहाजांवरचं ठिगळ आधी काढू, तो धोका आजच संपवू, आणि त्याला नेहमीची सुधारणा म्हणू. जुनी चौकशी उघडून कुणाचा जीव परत येणार आहे? आठवड्याभरात चारही जहाजं दुरुस्त झाली, हे खरं आहे, त्याबाबतीत निश्चिंत राहा. दुरुस्तीच्या कागदावर शेवटची ओळ होती: या सुधारणेचा पूर्वीच्या कोणत्याही चौकशीच्या निष्कर्षाशी संबंध नाही. त्याखाली सही करायला मोकळी जागा. या वेळी त्यांनी मला सही करू दिली. मी केली.

का केली ते विचारशील. त्या वेळी माझ्याकडे कारणांचा ढीग होता. आई आजारी आहे, तिला धक्का सोसणार नाही. मी निलंबित झाले तर तिला कोण बघेल. तू आता कुठे स्थिरावला असशील, तुला परत त्या खोलीत का ओढायचं. ही सगळी कारणं मी सही केल्यानंतर जमवली. सही करताना एकच कारण होतं, मला लाज वाटत होती. घरात हुशार मी, चुका तुझ्या, असं आपलं लहानपणापासून वाटून झालेलं होतं आणि ते मला मोडवलं नाही.

त्यानंतर आई अकरा महिने होती. शेवटच्या आठवड्यात मी तिला चमच्याने पेज भरवत होते. ती म्हणाली, त्याला झोप लागली असेल तर लागू दे गं, लेकरू दमलं असेल. तू त्याच्यावरचा राग सोड. माझ्या हातात चमचा होता. एक वाक्य बोलायचं होतं. आई, त्याला झोप लागली नव्हती. पाच शब्द. मी चमचा पुढे केला, तिने तोंड उघडलं, आणि मी तिचं तोंड पुसलं. तिने तुला माफ केलं होतं रे, जे तू केलंच नाहीस त्याबद्दल. आणि ते तसंच घेऊन ती गेली. हे लिहिताना मी रडते आहे, पण त्याचा काही उपयोग नाही, तेव्हा ते सोड.

मागच्या महिन्यात नव्या रडार ऑपरेटरांच्या प्रशिक्षण केंद्रात मला व्याख्यानाला बोलावलं. वीस-बावीस वर्षांची पन्नास मुलंमुली. मी खडू घेऊन फळ्याशी उभी राहणार, त्याआधी तिथल्या शिक्षकाने त्यांचा नेहमीचा धडा सांगितला. त्या धड्याला नाव आहे, चौऱ्याण्णव सेकंद. एक ऑपरेटर होता, यंत्र त्याला दीड मिनिट ओरडून सांगत होतं आणि तो पठ्ठ्या पेंगत होता. वर चौकशीत म्हणतो, पडद्यावर काही नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला आणि वर्ग हसला. शिक्षकही हसला. मग म्हणाला, म्हणून लक्षात ठेवा, यंत्र खोटं बोलत नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. दर सहा महिन्यांनी एक तुकडी, आठ वर्षं. हिशेब तू कर. माझ्या वाक्यावर एवढ्या खोल्या हसल्या आहेत आणि उद्या यातलं कुणी खरं बोललं तरी त्याचं कुणी ऐकणार नाही. मी व्याख्यान दिलं नाही. तब्येतीचं सांगून बाहेर आले आणि पायरीवर बसले.

आता हे पत्र का, ते सांगते. आज सकाळी मी चौकशी कार्यालयात जाऊन माझा लेखी जबाब दिला. सतरा पानं, रेघा मारलेला कागद, कप्प्यांची यादी, दुरुस्तीचा कागद, आणि मी अडीच वर्षं गप्प होते हेसुद्धा, तारखेसह. प्रत या पाकिटात आहे. तुझी परवानगी विचारली नाही, कारण विचारत बसले असते तर पुन्हा भ्याले असते. माझं ते काय करतील ते करोत. उद्यापासून मी निलंबित आहे, आणि खरं सांगायचं तर आज आठ वर्षांनी जेवण गोड लागलं. स्वयंपाक्याच्या घरी मी स्वतः जाणार आहे, परवा. तुझी माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच येईल. तिथल्या कारकुनाने सांगितलं की नियमाप्रमाणे तुला आठवड्याच्या आत कळवलं जाईल. एक अधिकारी तुझ्या दारात येऊन कागद वाचून दाखवेल. तुझी ताई अडीच वर्षं सगळं माहीत असून गप्प होती, हे तुला त्याच्या तोंडून कळू नये, माझ्या हातून कळावं, म्हणून हे लिहिलं. तो गणवेशात येईल. त्याला पाहून तू सवयीने उठून ताठ उभा राहशील. राहू नकोस. बसून ऐक. उभा त्याला राहू दे.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
ताई